पगारेकाका आणि पाखरं

पगारेकाका सिनेमातल्या माणसांची बारशी करायचे. इंग्रजी सिनेमा सुरू होऊन पहिली बाई पडद्यावर आली, की पडद्याच्या डाव्या हाताला अंधारात उभे असलेले काका माइकमध्ये हळूच म्हणायचे, "ह्या बाईंना आपण सुमन म्हणू. खरं नाव लांबलचक आहे, लक्षात राहायचं नाय." मग पुढचे दोन तास ती सोनेरी केसांची गोरी बाई सुमन असायची, तिचा नवरा वसंता, आणि तिच्या पाळतीवर असलेला माणूस नुसता 'टोपीवाला'. सिनेमा सुटल्यावर पायऱ्या उतरताना बायका एकमेकींना विचारत, "सुमनचं पुढे बरं चाललं असेल ना गं?"

सत्तरच्या दशकाची अखेर होती. मी नामपूरहून येऊन नाशिकला मुलींच्या एका शाळेत शिकवत होते, खोली करून एकटीच राहत होते. आम्हा काही शिक्षकांचं, बँकेतल्या-कचेरीतल्या लोकांचं एक छोटं चित्रपट मंडळ होतं. महिन्यातून दोन रविवारी सकाळी एका शाळेच्या हॉलमध्ये खिडक्यांना काळे पडदे लावून आम्ही परदेशी सिनेमे दाखवायचो. रिळांचे पत्र्याचे डबे मुंबईहून रेल्वेने यायचे. ते आणायला नाशिकरोडला जायची दुसऱ्या कोणाची तयारी नव्हती, म्हणून मंडळाची चिटणीस मी.

काकांना मी पहिल्यांदा ऐकलं, पाहिलं नंतर. मागच्या रांगेतून कुजबुज येत होती. कोणीतरी शेजारच्या बाईला सिनेमा सांगत होतं. पुढच्यांनी "श्शू" केलं. पण पुढच्या खेपेला त्याच रांगेच्या आसपास गर्दी झाली आणि पुढच्या खुर्च्या रिकाम्या राहिल्या. दिवे लागल्यावर मी वळून पाहिलं. पन्नाशीचा, किडकिडीत, पांढऱ्या शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेला माणूस, आणि शेजारी डोक्यावर पदर घेतलेली त्याची बायको. "हिला समजत नाय ना, म्हणून," तो अपराधी आवाजात म्हणाला. "आता बोलणार नाय." मी त्यांना पुढच्या वेळी माइक दिला.

निवृत्ती पगारे मूळचे मनमाडचे. वडील रेल्वेत खलाशी, म्हणजे यार्डातले मजूर. मॅट्रिकला काका इंग्रजीत नापास झाले आणि रेल्वेच्या क्लबात खुर्च्या मांडायच्या कामाला लागले. तिथे ड्रायव्हर-गार्डांच्या कुटुंबांसाठी इंग्रजी सिनेमे लागत. "नापास झाल्यावर इंग्रजी शिकलो," ते सांगत. पुढे एका सरकारी खात्यात रस्त्यांच्या कामावर कारकून म्हणून लागले आणि जिल्हाभर फिरले. आम्ही त्यांना पाहिलं तेव्हा ते नाशिकच्या कचेरीत टेबलाशी बसत. तिथे ते फारसे कोणाशी बोलत नसावेत. त्यांचं सगळं बोलणं त्या अंधारासाठी राखून ठेवलेलं असावं असं मला वाटे.

ते सिनेमा भाषांतर करून सांगत नसत. शनिवारी दुपारी येऊन ते एकदा तो बघून घेत आणि कुठे गप्प राहायचं ते ठरवत. "पडदा सांगतो ते आपण सांगायचं नाय, बाई," ते मला म्हणाले होते. "तो जे सांगत नाय तेवढंच." कोणी रडत असलं तर काका कधी "ती रडते आहे" म्हणाले नाहीत. ते म्हणायचे, "हिनं सकाळपासून काही खाल्लेलं नाय." आणि सगळा हॉल हेलावून जायचा.

त्या हिवाळ्यात एक जुना कृष्णधवल भयपट आला. गोष्ट एवढीच, की फळबागांचं एक खोरं असतं आणि एक दिवस तिथली पाखरं माणसांवर उठतात. का, ते शेवटपर्यंत कळत नाही. शनिवारी दुपारी हॉलमध्ये आम्ही तिघंच होतो: मी, काका आणि यंत्र चालवणारा. सुरुवातीला काका वहीत टिपणं घेत होते. मग तो प्रसंग आला. एक बाई अंगणात दोरीवरच्या चादरी काढते आहे. एक चादर उतरते, मागच्या कुंपणावर चार पाखरं. दुसरी उतरते, वीस पाखरं. तिचं लक्षच नाही, ती चिमटे तोंडात धरून गुणगुणते आहे. शेवटची चादर उतरते तेव्हा कुंपण दिसतच नाही, नुसती पाखरं. आवाज नाही. फडफड नाही.

"थांबवा," काका म्हणाले.

त्यांनी तो भाग पुन्हा लावायला सांगितला, आणि मग आणखी एकदा. नंतर वही मिटून म्हणाले, "बाई, उद्या मी येणार नाय."

मला वाटलं, घाबरले. मी थोडं चेष्टेनंच विचारलं, "काका, तुम्हाला भीती वाटली?"

"पुढं काय होतं ह्याच्यात? अंगावर येतात ना? डोळे फोडतात?"

"हो, बहुतेक."

"खोटं आहे," काका म्हणाले. "पाखरं असं करत नायत."

आम्ही बाहेर पायऱ्यांवर उन्हात येऊन बसलो. यंत्रवाला चहा सांगायला गेला. काकांनी बराच वेळ चपलेच्या टाचेने पायरीवरची माती सारखी केली आणि मग, एरवी सिनेमा सांगत त्याच संथ आवाजात, मला सांगितलं.

पंधरा-सोळा वर्षांपूर्वी त्यांची नेमणूक पेठकडच्या रस्त्याच्या कामावर होती. कामाजवळ एक जुनी चिंच होती आणि पावसाळ्यात तिच्यावर बगळ्यांची वसाहत असे. लांबून झाड पांढरं दिसायचं. त्या श्रावणात कोणा मोठ्या पाहुण्यांचा दौरा ठरला. रस्त्याची पाहणी, छोटा समारंभ. मंडपाला सपाट जागा एकच होती, चिंचेखालची. पाहुण्यांच्या अंगावर शीट पडायला नको, म्हणून झाड काढा असा तोंडी निरोप आला. वरचे साहेब गावी गेलेले. कामावर सरकारी माणूस म्हणजे एकटे पगारे.

मजूर आसपासच्या पाड्यांवरचे. त्यांनी झाडाकडे पाहिलं आणि कुऱ्हाडी खाली ठेवल्या. त्यांच्यातला एक म्हातारा म्हणाला, "पिलं हायेत वर, साहेब. दिवाळीनंतर तोडू."

"मला तेव्हा कोणी साहेब म्हणत नव्हतं," काका म्हणाले. "तो म्हणाला, आणि मला साहेब व्हावंसं वाटलं. मी म्हटलं, द्या इकडे. आणि पहिला घाव मी घातला."

पहिला घाव सरकारी माणसाचा पडल्यावर मजुरांचाही इलाज राहिला नाही. दुपारी झाड पडलं. रस्त्यावर, चिखलात, रोलरखाली सगळीकडे पिलं. काही जिवंत होती. मजुरांच्या बायकांनी ती घमेल्यांत गोळा केली, पण बगळ्याच्या पिलाला काय भरवणार, आणि किती जणांना. सगळे थवे वर उठले होते. काका काठी घेऊन उभे होते, आता हे आपल्यावर येणार म्हणून.

"आले नायत," ते म्हणाले. "संध्याकाळच्या आत परत आले, खाणं घेऊन. चोचीत बेडूक, टोळ. झाडाची जागा होती ना वर, हवेत, तिथंच यायचे. जिथं फांदी होती त्या उंचीवर पाय खाली सोडायचे. खाली काही नाय. मग पंख मारत वर जायचे आणि पुन्हा तिथंच पाय सोडायचे."

त्यांनी हाताचा पंजा उताणा धरून ती उंची मला दाखवली.

"मग बसले. बुंध्यावर, मंडपाच्या बांबूंवर, माझ्या पत्र्याच्या खोलीवर. खाणं चोचीत तसंच. तीन दिवस, बाई. मी आत बसायचो आणि वर पत्र्यावर नखं चालायची. बाहेर आलो की सगळे माझ्याकडे बघायचे. मी ओरडलो, दगड मारले. उठायचे आणि परत बसायचे. एकानं जरी चोच मारली असती ना, तर बरं झालं असतं."

"आणि पाहुणे?"

"आले. सात-आठ मिनिटं थांबले. पाऊस होता, गाडीतून उतरलेच नायत."

चहा आला आणि निवून गेला. काहीतरी बोलायचं म्हणून मी बोलले, "लोक म्हणत असतील, मुक्या जिवांचा तळतळाट."

"म्हणाले ना. हिच्या माहेरचे म्हणाले. मूल झालं नाय आम्हाला, तेही त्याच्यावर घातलं." ते थोडं हसले. "आम्ही धम्म घेतला तेव्हाच शाप-बीप सोडून दिले, बाई. मी मानत नाय. शाप असता तर सोपं होतं. शाप उतरवता येतो."

रविवारी सकाळी मी स्वतः माइक घेऊन उभी राहायची तयारी करून गेले. पण दहाच्या सुमाराला काका आले, यमुनाकाकूंना घेऊन. काकू मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "यायचं नाय म्हणत होते. म्या म्हटलं, घरी बसून काय वेगळं दिसणार हाय तुम्हाला? चला."

त्या दिवशी काकांनी कोणाचंही बारसं केलं नाही. "आज नावं नकोत," एवढंच म्हणाले. बाईला बाई म्हटलं, माणसाला माणूस. सवयीप्रमाणे हॉलमध्ये थोडी खसखस पिकली, मग थांबली. चादरींचा प्रसंग आला तेव्हा काका पडद्याकडे पाठ करून आमच्याकडे तोंड करून उभे होते. पडद्याचा उजेड त्यांच्या खांद्यांच्या कडांना लागत होता. चादरी उतरत गेल्या. माइक सुरू होता, त्यातून फक्त त्यांचा श्वास ऐकू येत होता. इतका शांत हॉल मी पुन्हा कधी पाहिला नाही. पुढे पाखरांनी दारं फोडली, माणसं पळाली, आरडाओरडा झाला. त्याचं कोणाला फारसं काही वाटलं नाही. भीती त्या चादरींपाशीच राहिली.

शेवटी बँकेतले एक गृहस्थ उठून म्हणाले, "पगारे, पण पाखरांनी असं केलं का, ते कळलं नाही."

"कारण नाय सांगितलं म्हणून आपण नुसते घाबरलो, साहेब," काका म्हणाले. "कारण माहीत असतं ना, तर घरी जाता आलं नसतं."

लोकांना ते वाक्य आवडलं. माझ्याकडे मात्र त्यांनी पाहिलं नाही.

पुढे टीव्ही आला, मागोमाग व्हिडिओ आला आणि मंडळ आपोआप बंद पडलं. माझं लग्न झालं. आम्ही इंदिरानगरला नव्या वसाहतीत घर घेतलं. तेव्हा तिथे अर्धी शेतंच होती. राहायला गेल्यावर कळलं, की चार घरं सोडून पगारेकाका आणि काकू. काका निवृत्त झाले होते. संध्याकाळी फाटकाशी उभे असत. मी शाळेतून येताना थांबले की विचारत, "काय बाई, हल्ली काही पाहिलंत का?" मग मी एखादा सिनेमा सांगायची आणि ते मधेच नावं बदलायचे.

वसाहतीच्या मधोमध, जुन्या शेताच्या बांधावरचा एक रायवळ आंबा राहून गेला होता. तिसऱ्या पावसाळ्यात त्याच्यावर बगळे आले. पहिल्यांदा सगळ्यांना कौतुक वाटलं. मग वास सुरू झाला. वाळत घातलेल्या कपड्यांवर शिटं, गच्चीवर अर्धवट खाल्लेले बेडूक, कर्कश कलकल. माझी मुलगी तेव्हा चार महिन्यांची होती. तिची दुपटी मी दिवसातून दोनदा धुवायची. सेक्रेटरी भामरे झाड काढण्याचा अर्ज घेऊन दारात आले तेव्हा मला चिंचेची आठवण झाली नाही असं नाही. झाली. आणि तरी मी सही केली.

तो अर्ज नीट इंग्रजीत लिहून द्यायला भामरे पगारेकाकांकडे गेले. काकांनी सह्या वाचल्या. माझीही वाचली असणार. म्हणाले, "दसऱ्यापर्यंत थांबा. पिलं उडाली की मीच लिहून देतो."

भामरे थांबले नाहीत. श्रावणातल्या एका रविवारी सकाळी त्यांनी दोन माणसं कुऱ्हाडी घेऊन बोलावली. आम्ही सगळे बाहेर आलो. काका आधीपासूनच झाडाखाली होते. घरातली खुर्ची आणून बसले होते. पांढऱ्या शर्टावर, टकलावर शिटं पडत होती, ते पुसत नव्हते.

"पगारेसाहेब, बाजूला व्हा," भामरे म्हणाले. "सगळ्या कॉलनीच्या सह्या आहेत."

"होतो की," काका म्हणाले आणि उठले. तोडायला आलेल्या माणसाकडे जाऊन त्यांनी कुऱ्हाड मागितली. त्यानं दिली. मला वाटलं, आता हे कुऱ्हाड लपवणार, नाहीतर भांडणार. तसं काही झालं नाही. त्यांनी ती दोन्ही हातांत आडवी धरून भामऱ्यांच्या पुढे केली.

"पहिला घाव तुम्ही घाला, साहेब. ह्यांना सांगू नका. हे परक्या गावचे, हे निघून जातील. तुमचा हात लागू द्या."

भामरे हसले. कुऱ्हाड घेतली. लोक बघत होते म्हणून घ्यावीच लागली. बुंध्याशी गेले, पाय रोवले आणि नेम धरण्याआधी त्यांनी एकदा वर पाहिलं. मीही पाहिलं. हाताच्या अंतरावर, खालच्या फांदीवरच्या घरट्यात तीन पिलं होती. कुरूप, डोक्यावर केसांसारखे तुरे उभे राहिलेली. त्यांना वाटलं असावं, कोणीतरी काहीतरी आणलं आहे. तिघांनीही चोची उघडल्या.

भामऱ्यांनी कुऱ्हाड बुंध्याला टेकवून ठेवली. "दसरा म्हणजे दसरा," ते काकांना म्हणाले. "त्याच्या पुढे एक दिवस नाही."

"नाय," काका म्हणाले. "मी शब्द दिलाय."

लोक पांगले. मी तिथेच होते. काकांना सहीबद्दल काहीतरी सांगावं म्हणून शब्द जुळवत होते. त्यांनीच खुर्ची उचलता उचलता विचारलं, "बाळ कसं आहे?" मी म्हटलं, बरं आहे. "दुपटी आमच्या मागच्या पडवीत वाळत घालत जा. तिथं नाय काही पडत." त्या दिवसापासून दसऱ्यापर्यंत माझ्या मुलीची दुपटी यमुनाकाकूंच्या पडवीत वाळली.

दसऱ्याला घरटी रिकामी होती. काकांनी अर्ज लिहून दिला, खाली पहिली सही स्वतःची केली. दिवाळीनंतर झाड तोडलं, तेव्हा ते फाटकाशी शेवटपर्यंत उभे होते. संध्याकाळी मी विचारलं, "काका, एवढं करून शेवटी सही का केलीत?"

"मी झाड मागितलंच नव्हतं, बाई," ते म्हणाले. "मी दोन-तीन महिने मागितले होते. त्या वेळचा तो म्हातारासुद्धा तेवढेच मागत होता."

पुढचा पावसाळा त्यांचा शेवटचा. उन्हाळ्यात त्यांच्या अंगावरून वारं गेलं आणि डावी बाजू लुळी पडली. बोलणं जड झालं होतं, पण समजायचं. खाट खिडकीशी होती. मृगाचा पाऊस होऊन गेल्यावर काकूंनी खिडकी लावून घेतली आणि पडदाही ओढला. गारवा लागतो म्हणाल्या. खरं कारण त्यांनाही माहीत होतं आणि मलाही.

बगळे आले त्या दिवशी मी शाळेतून लवकर परतले होते. ढगाळ दुपार होती. वसाहतीच्या वर ते फिरत होते. आंब्याच्या जागी आता मुलांच्या खेळण्याचं पटांगण केलेलं होतं. थवा तिथे यायचा, उतरायला जायचा आणि पुन्हा वर उठायचा. एकेक करून मग ते पाण्याच्या टाकीवर बसले, विजेच्या तारांवर, गच्च्यांच्या कठड्यांवर. कलकल नव्हती. घराघरांतून माणसं बाहेर येत होती, गच्चीवर चढत होती. मी घरी न जाता पगाऱ्यांकडे गेले.

पडदा ओढलेलाच होता. काका छताकडे बघत पडले होते. वर, खिडकीवरच्या पत्र्यावर, नखांचा आवाज येत होता, बारीक, इकडून तिकडे. यमुनाकाकू खाटेशी बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहून मान हलवली, सांगू नको म्हणून.

"आले का?" काकांनी विचारलं.

मी काकूंकडे पाहिलं. "आले," मी म्हटलं.

"कुठं बसलेत?"

"टाकीवर. तारांवर. सगळीकडेच."

"आणि माणसं?"

"गच्चीवर उभी आहेत. भामरेसुद्धा आहेत."

"हाकलतायत?"

"नाही. कोणी काही करत नाही. बोलतही नाहीत. नुसते बघतायत."

काकांनी डोळे मिटले. मला वाटलं, झोप लागली. मग उजवा हात थोडा उचलून ते म्हणाले, "बघू द्या. मधे काही सांगायला जाऊ नका."

काकूंनी त्यांचा हात पांघरुणात घेतला. मी बाहेर आले. आमच्या घराचं कुलूप काढलं नाही, तशीच बाहेरच्या जिन्याने आमच्या गच्चीवर गेले. कठड्यावर पाच-सहा बगळे बसले होते. माझ्या पावलांनी ते उडाले नाहीत. अंधार पडेपर्यंत मी तिथे उभी होते.